बर्कनहेड पार्क: सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली बाग

इंग्लंडच्या वायव्य भागात मर्सी नदीच्या दोन काठांवर दोन शहरे समोरासमोर वसलेली आहेत. पूर्वेला लिव्हरपूल आणि पश्चिमेला बर्कनहेड. लिव्हरपूलचे नाव सर्वांना ठाऊक असते, पण आज जगभरात दिसणाऱ्या सार्वजनिक उद्यानांच्या इतिहासात बर्कनहेडचे स्थान जास्त महत्त्वाचे आहे. 5 एप्रिल 1847 रोजी येथे खुले झालेले बर्कनहेड पार्क हे सार्वजनिक निधीतून उभारलेले जगातील पहिले नागरी उद्यान मानले जाते.

खेड्याचे शहर कसे झाले?

बाराव्या शतकात येथे ख्रिस्ती साधूंचा मठ होता. नदी ओलांडू पाहणाऱ्या प्रवाशांना हेच साधू नावेतून पलीकडे नेत. 1801 च्या जनगणनेत गावाची वस्ती जेमतेम शंभरच्या आसपास होती. पुढे वाफेवर चालणाऱ्या फेरीबोटी सुरू झाल्या आणि लिव्हरपूलचे व्यापारी या काठावर घरे बांधू लागले. 1824 मध्ये विल्यम लेअर्ड यांनी येथे बॉयलरचा कारखाना काढला. त्यातूनच पुढे लोखंडी जहाजे बांधणारा प्रसिद्ध उद्योग वाढला.

नव्या शहराची आखणी करण्यासाठी लेअर्ड यांनी एडिंबरोचे वास्तुविशारद जेम्स गिलेस्पी ग्रॅहम यांना बोलावले. हॅमिल्टन स्क्वेअर हा भव्य चौक मध्यबिंदू धरून त्यांनी रुंद, सरळ आणि एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते आखले. प्राइस स्ट्रीट आणि क्लीव्हलँड स्ट्रीट हे लांबच लांब सरळ रस्ते आजही त्या आराखड्याची साक्ष देतात. हॅमिल्टन स्क्वेअरभोवतीच्या दगडी इमारतींना वारसा संरक्षणाचा सर्वोच्च दर्जा आहे.

उद्यानाची गरज का भासली?

कारखान्यांमुळे इंग्लंडमधील शहरे झपाट्याने वाढत होती, पण मजुरांना मोकळी हवा मिळेल अशी जागा उरत नव्हती. 1833 मध्ये ब्रिटिश संसदेच्या एका समितीने या प्रश्नाकडे लक्ष वेधले. त्याच वर्षी बर्कनहेडमध्ये रस्ते, दिवाबत्ती आणि स्वच्छता यांची व्यवस्था पाहण्यासाठी सुधारणा आयुक्तांचे मंडळ स्थापन झाले. उद्यानाची कल्पना याच मंडळात पुढे आली. 1843 मध्ये संसदेने खास कायदा करून मंडळाला कर्ज काढून जमीन घेण्याची परवानगी दिली.

'पहिले' म्हणजे नेमके काय?

लोकांना फिरता येईल अशा बागा त्याआधीही होत्या. लंडनच्या राजेशाही बागा राजघराण्याच्या मालकीच्या होत्या. 1840 मध्ये खुली झालेली डर्बीची वृक्षबाग एका उद्योगपतीची देणगी होती. मँचेस्टरची 1846 ची उद्याने मुख्यतः वर्गणीतून उभी राहिली. बर्कनहेडमध्ये मात्र जमीन घेण्यापासून बाग उभारण्यापर्यंतचा खर्च सार्वजनिक संस्थेने उचलला. येथे फिरायला मिळणे ही कोणा धनिकाची मेहेरबानी नव्हती, तो नागरिकांचा हक्क होता.

पैशांचे गणित

मंडळाने सुमारे 226 एकर जमीन घेतली. ती बरीचशी दलदलीची होती. त्यापैकी 125 एकर बागेसाठी ठेवण्यात आली आणि कडेची उरलेली जमीन घरांसाठी भूखंड पाडून विकायचे ठरले. बागेकडे तोंड असलेल्या घरांना चांगला भाव येईल आणि त्यातून बागेचा खर्च निघेल, असा हिशेब होता. प्रत्यक्षात उद्यान खुले झाले त्याच सुमारास शहरात मंदी आली, गोदीची कामे रखडली आणि भूखंडांची विक्री थंडावली. तरीही जवळ सार्वजनिक बाग असली की आसपासच्या जमिनीची किंमत वाढते, हा विचार पुढे अनेक शहरांनी उचलला.

पॅक्स्टन यांची रचना

आराखड्याचे काम जोसेफ पॅक्स्टन यांच्याकडे सोपवण्यात आले. पुढे 1851 च्या लंडन प्रदर्शनासाठी काचेचा क्रिस्टल पॅलेस उभारणारे ते हेच. प्रत्यक्ष कामावर एडवर्ड केम्प यांची देखरेख होती. दलदलीतील पाण्याचा निचरा करून दोन तळी खोदण्यात आली. त्यातून निघालेल्या मातीचे उंचवटे करून त्यांवर झाडे लावली. त्यामुळे सपाट जमिनीला चढउतार मिळाले आणि बागेचा सगळा विस्तार एका नजरेत दिसेनासा झाला.

शहरातील रस्ते सरळ, तर बागेतील वाटा वळणावळणाच्या. कडेने घोडागाड्यांचा रस्ता आणि आत पायी फिरणाऱ्यांच्या वाटा, अशी विभागणी केल्यामुळे पादचाऱ्यांना निवांत फिरता येई. भव्य प्रवेशद्वार, तळ्याकाठचे नौकागृह, छत असलेला लाकडी 'स्विस पूल' आणि वेगवेगळ्या शैलींतील प्रवेशगृहे ही येथील वैशिष्ट्ये आहेत.

न्यूयॉर्कशी नाते

1850 मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हा तरुण अमेरिकी शेतकरी येथे आला. स्थानिक बेकरीवाल्याने बाग पाहण्याचा आग्रह केला म्हणून तो गेला आणि थक्क झाला. वळणदार रचनेइतकेच त्याला आणखी एका गोष्टीचे अप्रूप वाटले. या बागेत गरीब-श्रीमंत सर्वांना सारखाच प्रवेश होता. 1852 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने हे नोंदवले. 1858 मध्ये ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांचा आराखडा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी निवडला गेला. तेथे वाहनांचे आणि पादचाऱ्यांचे मार्ग वेगळे ठेवलेले दिसतात.

ट्राम आणि रेल्वे

ब्रिटनमधील पहिली रस्त्यावरची ट्रामही याच बागेपर्यंत धावली. 30 ऑगस्ट 1860 रोजी जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन या अमेरिकी उद्योजकाने वुडसाइडच्या फेरी धक्क्यापासून उद्यानापर्यंत घोड्यांनी ओढली जाणारी ट्राम सुरू केली. 1886 मध्ये मर्सी नदीखालून रेल्वे आली आणि 1888 मध्ये 'बर्कनहेड पार्क' हे स्थानक सुरू झाले. त्यामुळे लिव्हरपूलहून येणेही सोपे झाले.

आजची स्थिती

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जहाजबांधणी आणि गोदीचे काम घटले, त्याची झळ शहराला बसली आणि बागेचीही रया गेली. 1995 मध्ये उद्यानाला ऐतिहासिक उद्यानांच्या यादीत सर्वोच्च दर्जा मिळाला. त्यानंतर 2000 च्या दशकात लॉटरी निधीच्या मदतीने मोठे जीर्णोद्धाराचे काम झाले. 2023 मध्ये ब्रिटनने जागतिक वारशासाठीच्या आपल्या संभाव्य यादीत या उद्यानाचा समावेश केला. बाग आजही सर्वांसाठी विनामूल्य खुली आहे, आणि ज्या हेतूने ती उभारली गेली तो त्यामुळे अजून टिकून आहे.