दिनविशेष : १० ऑगस्ट – डर्बनमधला कॉर्फबॉलचा अंतिम सामना

दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे २०१९ साली आजच्या दिवशी नेदरलँड्सने बेल्जियमला हरवून कॉर्फबॉलचे विश्वविजेतेपद राखले. १९७८ पासूनच्या या स्पर्धेत डचांना एकदाच, १९९१ मध्ये, बेल्जियमकडून मुकुट गमवावा लागला आहे. एकाच देशाची अशी मक्तेदारी असताना ही जागतिक स्पर्धा म्हणावी का, हा आक्षेप रास्त आहे. पण तो निकालांकडे पाहतो, खेळाच्या घडणीकडे नाही. ॲमस्टरडॅमचे शिक्षक निको ब्रुकहाउसन यांनी १९०२ मध्ये हा खेळ मुलामुलींनी एकत्र खेळावा म्हणूनच रचला. संघात चार स्त्रिया, चार पुरुष. चेंडू टाकायची टोपली साडेतीन मीटर उंचीवर. चेंडू घेऊन पळायचे नाही, प्रतिस्पर्धी आडवा असताना नेमही धरायचा नाही. त्यामुळे दांडगाईपेक्षा मोकळी जागा शोधणारी नजर आणि अचूक पास मोलाचे ठरतात.

स्त्रीने स्त्रीलाच आणि पुरुषाने पुरुषालाच अडवायचे, मग समता कुठे उरली, असेही कुणी विचारील. मात्र हे बंधन फक्त बचावापुरते आहे. पास कोणीही कोणालाही देतो आणि दर दोन गोलांनंतर आक्रमक व बचावपटूंच्या भूमिका बदलतात. मैदानात कोणी शोभेला उभे राहूच शकत नाही, आणि हेच मला निर्णायक वाटते. आणि स्पर्धेच्या जागतिकपणाबद्दल म्हणाल, तर १९९५ ची विश्वस्पर्धा आपल्या नवी दिल्लीत झाली होती. २०२३ मध्ये डचांसमोर अंतिम फेरीत बेल्जियम नव्हे, तैवानचा संघ उभा होता.