इजाफा : मोगल औरंगाबादेत पगारवाढ कशी ठरत असे

#थ्रेड

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात आज घड्याळाचा मनोरा आणि १७२० च्या सुमारास उभी राहिलेली मशीद यांच्या भोवती बाजार भरतो. या गजबजाटातून बाहेर पडून जुन्या वस्त्यांची नावे वाचत गेले, की करणपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा अशी राजपूत सरदारांची नावे भेटतात. ही माणसे आपापल्या मुलखात राजे वा राजपुत्र असतील. दख्खनेत मात्र ती नोकरीला होती आणि त्यांचा मालक एकच होता, मोगल बादशहा. या नोकरांचा पगार वाढे कसा, हे आज पाहू.

अकबराने घालून दिलेल्या पद्धतीनुसार प्रत्येक मनसबदाराच्या नावापुढे दोन आकडे असत. ‘जात’ या आकड्यावर त्याचा दर्जा आणि स्वतःचा पगार ठरे. ‘सवार’ या आकड्यावर घोडेस्वार बाळगण्याची जबाबदारी आणि त्यासाठीची रक्कम ठरे. शाहजहानच्या काळात एका सवाराचा वार्षिक दर ८,००० दाम होता. ४० दामांचा एक रुपया या सरकारी हिशेबाने तो २०० रुपये होतो. या दोहोंपैकी कोणताही आकडा वाढला, की त्यास ‘इजाफा’ म्हणत. हा शब्द पुढे मराठीतही रुळला.

इजाफा आपोआप मिळत नसे. वर्षे भरली म्हणून वाढ, ही कल्पनाच त्या व्यवस्थेत नव्हती. शहजादा, सुभेदार किंवा मोहिमेचा सेनापती यांपैकी कोणीतरी आधी शिफारस करावी लागे. तिला ‘तजवीज’ म्हणत. बक्षी ती बादशहापुढे मांडी आणि मंजुरीनंतर कागद दिवाणाच्या दप्तराकडे जाई. मोहिमेवर कूच, किल्ल्याचा पाडाव, बादशहाचा वाढदिवस, नवी नेमणूक ही इजाफ्याची नेहमीची निमित्ते. ज्याच्यासाठी शब्द टाकणारा वरिष्ठ नव्हता, त्याची तलवार कितीही चालो, त्याचा आकडा बहुधा होता तेथेच राही.

त्यातही दोन प्रकार. एखाद्यास किल्लेदार वा फौजदार नेमले, की त्या कामापुरते सवार वाढवून मिळत. ही वाढ ‘मश्रूत’, म्हणजे अटीची. बदली झाली की ती गेली. ‘बिलाशर्त’ वाढ मात्र माणसाबरोबर राही. आजच्या कार्यालयातील मूळ वेतन आणि पदाचा भत्ता यांतील भेद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

खरी मेख पुढे होती. बहुतेकांना पगार रोख मिळत नसे. तेवढ्या उत्पन्नाची जहागीर नेमून दिली जाई. पण दप्तरातील उत्पन्न म्हणजे ‘जमा’ आणि प्रत्यक्ष वसूल म्हणजे ‘हासिल’ यांत मोठी तफावत असे. म्हणून जहागिरींना महिन्यांची प्रत लावलेली असे. बारामाही जहागीर म्हणजे पूर्ण वसुलाची, सहामाही म्हणजे निम्म्या, चौमाही म्हणजे एक तृतीयांश.

उदाहरणादाखल हिशेब करू. १०० सवारांचे कागदोपत्री वर्षाला २०,००० रुपये होतात. जहागीर आठमाही असेल, तर हाती सुमारे १३,३३३ येतील. आता त्याच मनसबदारास ५० सवारांचा इजाफा मिळाला. कागदावर रक्कम ३०,००० झाली, पण नवी जहागीर चौमाही निघाली. हाती आले १०,०००. दरबारात मुजरा करून घेतलेली ही वाढ घरी पोहोचेपर्यंत कपात झालेली असे. प्रत उतरली की फौजेची जबाबदारीही नियमाने कमी होई; म्हणजे त्या कपातीचा वाटा अखेर साध्या घोडेस्वारावर येई. त्याची शिफारस तर कोणीच करत नसे.

दख्खनी मनसबदारांच्या बाबतीत आणखी एक नियम होता. त्यांच्या पगाराच्या दामांतून एक चतुर्थांश वजा केला जाई. दर्जा तोच, नोकरी तीच, पण माणूस दख्खनी म्हणून चौथाई कमी.

मराठ्यांना या हिशेबाचा अनुभव औरंगाबादेतच आला. १६६५ च्या पुरंदर तहाने संभाजीराजांना पाच हजारी मनसब मिळाली होती. आग्र्याच्या सुटकेनंतर पुन्हा सलोखा झाला, तेव्हा वऱ्हाडात जहागीर मिळाली आणि प्रतापराव गुजर व निराजी रावजी फौजेसह औरंगाबादेत शहजादा मुअज्जमच्या दिमतीस राहिले. आग्र्याच्या प्रवासखर्चासाठी शिवाजी महाराजांना एक लाख रुपये आगाऊ दिले होते. ज्या प्रवासाचा शेवट नजरकैदेत झाला, त्याच प्रवासाचा खर्च मोगल सरकारने वऱ्हाडच्या जहागिरीतून वसूल करण्यास घेतले. १६६९ च्या अखेरीस मराठ्यांची फौज औरंगाबाद सोडून परतली. बिघाडाचे हे एकमेव कारण नव्हे, पण हिशेबनीसांचा त्यात वाटा होता.

१६८२ मध्ये औरंगजेब स्वतः औरंगाबादेत आला आणि इजाफ्याचे गणित पालटले. आता वाढ द्यायची ती केवळ केलेल्या कामासाठी नव्हे, तर समोरच्या पक्षातील माणूस फोडण्यासाठी. अथर अली यांच्या मोजणीनुसार एक हजारी आणि त्यावरील मनसबदारांत १६५८ ते १६७८ या काळात २७ मराठे होते. १६७९ ते १७०७ या काळात ते ९६ झाले. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर कैदेत आलेल्या सात वर्षांच्या शाहूराजांना सात हजारी मनसब दिली गेली. पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या ‘खानाजाद’ घराण्यांना हे किती झोंबले असेल, याची कल्पना करता येते. निष्ठावंताचा पगार तुंबतो आणि निघून जाण्याची धमकी देऊ शकणाऱ्याचा वाढतो, हे त्यांनी डोळ्यांदेखत पाहिले.

आकडे वाढत होते. वाटायला मोकळ्या जहागिरी, म्हणजे ‘पायबाकी’, मात्र पुरत नव्हती. मनसब हाती असूनही जहागिरीविना लोक दप्तरांचे उंबरठे झिजवत राहिले. औरंगाबादेत वाढलेल्या आणि दख्खनेतच मोगलांची चाकरी केलेल्या भीमसेन सक्सेना यांनी आपल्या फारसी ग्रंथात याचे शेवटचे टोक नोंदवले आहे. जहागीर पुढील वर्षी आपल्याकडे राहील याची खात्री नसल्याने जहागीरदारांचे कारभारी रयतेला पिळून काढत. पगारवाढीचा खर्च कोणी भरला, या प्रश्नाचे उत्तर पैठण-जालन्याकडच्या शेतांत शोधावे लागते.

सभासद बखरीनुसार शिवाजी महाराजांनी लष्कराला मोकासे न देता पगार रोख किंवा वरातीने देण्याचा कटाक्ष ठेवला होता. मोहिमेहून परतल्यावर हिशेब होई आणि चांगली कामगिरी करणाऱ्यास बक्षीस मिळे. परंतु १६८९ नंतर खजिना रिता झाल्यावर राजाराम महाराजांच्या दरबारालाही वतने आणि सरंजामांची आश्वासने द्यावी लागली. मग एकाच सरदारापुढे दोन मालक उभे राहिले आणि बोली वाढत गेली.

या व्यवहाराचे हजारो फारसी कागद औरंगाबादच्या किले अर्कमध्ये पडून होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते हैदराबादला हलवले गेले. त्यांत स्वारांच्या हजिरीचे ‘चेहरे’ आहेत. माणसाचा वर्ण, कपाळ, भुवया, चेहऱ्यावरील व्रण आणि सोबत घोड्याचा रंग व डाग, सारे बारकाईने लिहिलेले, जेणेकरून एका स्वाराचा पगार दुसऱ्याने उचलू नये.