मूत्रपिंडदान

मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या रुग्णावर प्रत्यारोपण करता यावे, यासाठी एखाद्या व्यक्तीने स्वतःचे किंवा कुटुंबीयांनी मृत नातलगाचे मूत्रपिंड देणे यास मूत्रपिंडदान म्हणतात. हे दान जिवंतपणी किंवा मेंदूमृत्यूनंतर करता येते.

गरज

रक्तातील टाकाऊ द्रव्ये व जादा पाणी लघवीवाटे बाहेर टाकणे हे मूत्रपिंडांचे मुख्य कार्य आहे. मधुमेह व उच्च रक्तदाब ही ती निकामी होण्याची प्रमुख कारणे होत. कार्यक्षमता बरीच घटेपर्यंत ठळक लक्षणे दिसत नसल्याने अनेकदा निदान उशिरा होते. रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने तपासल्यास विकार लवकर कळू शकतो.

अखेरच्या टप्प्यात जीव टिकवण्यासाठी डायालिसिस किंवा प्रत्यारोपण करावे लागते. यंत्राद्वारे केले जाणारे डायालिसिस सामान्यतः आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी सुमारे ४ तास चालते. प्रत्यारोपण यशस्वी झाल्यास त्यातून सुटका होते. मात्र शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून औषधे नियमित घ्यावी लागतात.

इतिहास

पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एकसारख्या जुळ्या भावांमध्ये केले. त्यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झाले.

कायदा

भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री दंडनीय ठरवली आणि मेंदूमृत्यूस मान्यता दिली. जिवंत दाता सहसा जवळचा नातेवाईक असतो. इतरांच्या बाबतीत प्राधिकार समितीची मंजुरी आवश्यक असते.

मरणोत्तर दान

अपघात किंवा मेंदूतील रक्तस्रावामुळे मेंदूचे कार्य कायमचे थांबते, तेव्हा कृत्रिम श्वसनयंत्राच्या साहाय्याने हृदय काही काळ चालू राहू शकते. या अवस्थेत ४ डॉक्टरांचे मंडळ किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मेंदूमृत्यू घोषित करते. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील डॉक्टर या मंडळात नसतात. एका दात्याच्या दोन मूत्रपिंडांमुळे दोन रुग्णांना जीवदान मिळू शकते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या प्रतीक्षायादीनुसार अवयवांचे वाटप करतात.

गैरसमज व जनजागृती

देहदान व अवयवदान यांची अनेकदा गल्लत केली जाते. देहदान वैद्यकीय शिक्षणासाठी असते. घरी नैसर्गिक मृत्यू आल्यास नेत्रदान करता येते. मूत्रपिंडदान मात्र करता येत नाही, कारण रक्तपुरवठा थांबताच मूत्रपिंडे खराब होऊ लागतात. मेंदूमृत्यू व कोमा हेही एक नव्हेत: कोमातील रुग्ण शुद्धीवर येऊ शकतो, मेंदूमृत व्यक्ती येत नाही. अवयव काढल्यानंतर पार्थिव टाके घालून अंत्यसंस्कारासाठी कुटुंबाच्या स्वाधीन केले जाते.

अवयवदानाची प्रतिज्ञा नोंदवली, तरी प्रत्यक्ष वेळी रुग्णालय कुटुंबीयांची लेखी संमती घेते. दुःखाच्या त्या काही तासांत मृताची इच्छा ठाऊक नसल्यास निर्णय कठीण होतो. त्यामुळे आपली इच्छा घरच्यांना आधीच सांगून ठेवणे प्रतिज्ञापत्राइतकेच महत्त्वाचे असते. जनजागृतीसाठी मार्च महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक मूत्रपिंड दिन आणि १३ ऑगस्टला जागतिक अवयवदान दिन पाळला जातो.