मुखवट्यामागचे दोन जीव : जपानी दूरचित्रवाणीवरील सुपरहिरोच्या दुभंगाचा इतिहास

जपानमध्ये ‘तोकुसात्सु’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालिका, म्हणजे रबरी पोशाख, लहान आकाराच्या प्रतिकृती, स्फोट आणि छायाचित्रणातील क्लृप्त्या यांवर उभ्या असलेल्या मालिका, मुख्यतः शाळकरी मुलांसाठी तयार होत आल्या असून खेळण्यांच्या विक्रीशी त्यांचे अर्थकारण प्रथमपासून जोडलेले आहे. अशा मालिकांत पात्ररचनेला फारसा वाव नसावा, असा समज सहज होतो. परंतु १९६६ ते २०१० या काळातील महत्त्वाच्या मालिका क्रमाने पाहिल्या, तर त्यांच्या लेखकांनी एकाच प्रश्नाचा सातत्याने पाठपुरावा केल्याचे दिसते. ज्या शक्तीमुळे नायक नायक ठरतो तीच त्याची जखमही असेल, तर त्याने स्वतःच्या त्या अर्ध्या भागाशी कसे वागावे, हा तो प्रश्न होय. त्याला मिळालेली उत्तरे काळानुसार बदलत गेली आणि त्या बदलांतच या प्रकाराचा खरा इतिहास आहे.

दोन ओळखी असलेला नायक जपानी रंगभूमीला नवा नव्हता. काबुकी नाटकांत एक पात्र प्रत्यक्षात दुसरेच कोणीतरी असल्याचे उघड होणे, हा कथानकाचा रूढ भाग असे. एदोच्या योशिवारा वस्तीत ऐटीत वावरणारा छैलछबिला सुकेरोकु हा वस्तुतः पित्याच्या हत्येचा सूड घेऊ पाहणारा सोगा गोरो असतो, आणि हरवलेली तलवार शोधण्यासाठी तो मुद्दाम लोकांशी भांडणे उकरून काढून त्यांना शस्त्र उपसायला लावतो. विसाव्या शतकात ऐतिहासिक चित्रपटांनी हाच धागा उचलला. १९५८ मध्ये सुरू झालेल्या ‘गेक्को कामेन’ या मालिकेत पांढरा पोशाख, फेटा आणि काळा चष्मा घालून मोटारसायकलवरून येणारा वीर म्हणजे गुप्तहेर इवाई जुरोच असल्याचे सुचवले जाते, उघडपणे मात्र सांगितले जात नाही. तथापि ही सर्व वेषांतरे होती. मुखवटा काढला की आतला माणूस अखंड असे आणि दोन रूपांत कोणताही झगडा नसे. वेषांतर आणि दुभंग यांतील हा भेद लक्षात घेतल्याशिवाय पुढील घडामोडींचे महत्त्व कळत नाही.

त्या भेदाची पहिली चाहूल त्सुबुराया प्रॉडक्शन्सच्या ‘अल्ट्रामॅन’मध्ये लागते. जुलै १९६६ मध्ये सुरू झालेल्या या ३९ भागांच्या मालिकेत परग्रहावरील महाकाय वीराच्या हातून अपघाताने हायाता नावाचा माणूस मरण पावतो, आणि त्याची भरपाई म्हणून तो वीर आपला जीव हायाताच्या शरीराशी जोडून देतो. एका देहात दोन जीव राहत असल्याने यात मोठे नाट्य होते. परंतु बोलतो तो हायाता की अल्ट्रामॅन, हा प्रश्न लेखकांनी जवळजवळ संपूर्ण मालिकेत टाळला. शेवटी दोघे विलग होतात तेव्हा हायाताला अपघातानंतरचे काहीही आठवत नाही, म्हणजे ज्याच्यावर सर्व काही गुदरले त्याच्यापाशी त्या अनुभवाची खूणही उरत नाही.

ही उणीव पुढच्याच मालिकेत भरून निघाली. १९६७-६८ मधील ‘अल्ट्रासेव्हन’चा नायक मोरोबोशी दान हा मूळचाच परग्रहवासी असून त्याने केवळ मानवी रूप घेतलेले असते. पृथ्वीवर चाल करून येणारेही त्याच्यासारखेच परके असल्याने प्रत्येक लढाईत त्याची दुहेरी निष्ठा पणाला लागते. मालिकेचे प्रमुख लेखक किंजो तेत्सुओ हे ओकिनावात वाढलेले होते, आणि ओकिनावा १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होते. जुलै १९६८ मध्ये प्रसारित झालेल्या त्यांच्या ४२व्या भागात समुद्रतळावरील एक जमात, पृथ्वीचे मूळ रहिवासी आपणच असून मानवांनी आपल्याला हुसकावून लावले, असा दावा करते. तो दावा खरा असेल तर आपण कोणाच्या बाजूने लढत आहोत, या विचाराने दान डळमळतो. अनेक जपानी समीक्षकांनी या कथेत ओकिनावाच्या इतिहासाचे सावट पाहिले आहे, आणि ते वाचन ओढूनताणून केलेले वाटत नाही. सप्टेंबर १९६८ मधील अंतिम भागात दान आपली सहकारी आन्ने हिला आपण अल्ट्रासेव्हन असल्याचे सांगतो. त्या क्षणी मागचा सारा देखावा नाहीसा होऊन चमचमती रुपेरी पार्श्वभूमी उरते, तिच्यापुढे दोघांच्या केवळ काळ्या आकृत्या दिसतात आणि शूमनच्या पियानो कॉन्चेर्टोचे सूर घुमू लागतात. सुकेरोकुच्या परंपरेतील ओळख उघड होण्याची घटना येथे विजयाची न राहता निरोपाची झाली.

दुभंगाला शरीरात उतरवण्याचे काम मात्र चित्रकथाकार इशिनोमोरी शोतारो (१९३८–१९९८) यांनी केले. त्यांच्या कल्पनेतून साकारलेली आणि तोएई कंपनीने निर्मिलेली ‘कामेन रायडर’ ३ एप्रिल १९७१ रोजी सुरू झाली. ‘शॉकर’ ही गुप्त संघटना होंगो ताकेशी या तरुणाचे अपहरण करून शस्त्रक्रियेने त्याला नाकतोड्याचे गुण असलेला अर्धमानव-अर्धयंत्र बनवते. मात्र मेंदूवरील अखेरची शस्त्रक्रिया होण्यापूर्वीच तो निसटतो. ज्या राक्षसांशी तो लढतो ते त्याच शस्त्रक्रियागृहात घडलेले त्याचे सहोदर असतात, आणि त्यांच्यात व त्याच्यात अंतर असते ते केवळ त्या एका न झालेल्या शस्त्रक्रियेचे. इशिनोमोरींच्या चित्रकथेत तर संताप येताच होंगोच्या चेहऱ्यावर शस्त्रक्रियेचे व्रण उमटतात आणि ते झाकण्यासाठी तो मुखवटा चढवतो. त्यामुळे मुखवटा ही ओळख लपवण्याची युक्ती न राहता विद्रूपतेवरचे आवरण ठरतो.

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ही उदासी फार काळ टिकली नाही आणि त्याला एक दुर्घटनाही कारणीभूत ठरली. चित्रीकरणाच्या सुरुवातीच्या काळात मोटारसायकलच्या अपघातात प्रमुख नट फुजिओका हिरोशी यांचा पाय मोडला, त्यामुळे १४व्या भागापासून सासाकी ताकेशी यांनी रंगवलेला इचिमोंजी हायातो हा दुसरा रायडर आणावा लागला. होंगोचे रूपांतर वेगाने धावणाऱ्या मोटारसायकलवर पट्ट्यातील चक्राला वारा लागून होत असे. सासाकींकडे मोटारसायकलचा परवाना नसल्याने जागेवर उभे राहून, हातांची विशिष्ट हालचाल करून आणि ‘हेन्शिन’ असा उच्चार करून रूपांतर करण्याची पद्धत रुजली, असे सांगितले जाते. हेन्शिन म्हणजे रूप बदलणे. मुलांनी ती मुद्रा उचलून धरली आणि देशभर रूपांतराच्या मालिकांची लाट आली. पात्ररचनेच्या दृष्टीने हा बदल वरवर दिसतो त्याहून खोल होता, कारण जे पूर्वी नायकाच्या बाबतीत घडत होते ते आता तो स्वेच्छेने करू लागला. लादलेल्या देहाचे दुःख मागे पडले आणि मालिका ९८ भागांपर्यंत चालली.

मागे पडलेले ते दुःख इशिनोमोरींनी वर्षभरात अधिक तीव्रतेने परत आणले. ८ जुलै १९७२ रोजी एनईटी वाहिनीवर शनिवारी रात्री आठ वाजता ‘जिन्झो निंगेन किकाइडर’ सुरू झाली, आणि योगायोग असा, की त्याच रात्री लगेच पुढच्या अर्ध्या तासात नागाई गो यांच्या ‘डेव्हिलमॅन’ या सचेतपटाचाही प्रारंभ झाला. मानवी देहात राहणारा सैतान आणि सदसद्विवेकाचे यंत्र बसवलेला मानवाकृती यंत्रमानव, असे दोन दुभंगलेले नायक जपानी मुलांनी एकाच बैठकीत पाहिले.

किकाइडरचे मानवी रूप म्हणजे गिटार घेऊन भटकणारा जिरो. त्याचा निर्माता शास्त्रज्ञ कोम्योजी हा खलप्रवृत्तीच्या गिलच्या कैदेत असताना जिरोच्या अंगी ‘सदसद्विवेक मंडल’, म्हणजे चांगले-वाईट ओळखून वागण्याची क्षमता देणारी विद्युत रचना, बसवतो. परंतु ती अपुरी राहते. ही अपूर्णता लेखकांनी संवादांवर सोपवली नाही. नायकाचा अर्धा देह निळा व अर्धा लाल आहे, दोन्ही बाजू एकमेकींशी जुळत नाहीत आणि मस्तकाच्या एका बाजूच्या पारदर्शक आवरणातून आतली यंत्रे दिसतात, जणू शरीरशास्त्राच्या वर्गातील अर्धी सोललेली प्रतिकृतीच चालू लागली असावी. गिलने बासरी वाजवली की जिरो डोके धरून कळवळू लागतो, कारण त्या सुरात त्याला दुष्कृत्याकडे ओढण्याची ताकद असते. मग आसपासचा एखादा मोठा आवाज बासरीला झाकतो, तेवढ्या अवधीत जिरो खांद्यांवरील कळा दाबून रूपांतर करतो. आठवड्यामागून आठवडे हेच घडत असल्याने त्यात साचेबद्धपणा होता, हे मान्य करावे लागेल. पण नायकाची खरी लढाई राक्षसाशी होण्याआधी स्वतःशी होते, हे सहा-सात वर्षांच्या मुलालाही एका शब्दाविना कळावे, अशी याहून नेमकी योजना या प्रकारात दुसरी सापडत नाही.

प्रारंभीच्या भागांचे लेखक इगामी मासारु यांच्यानंतर नागासाका शुकेई यांनी बहुतांश लेखन केले आणि उत्तरार्धात हाकाइडर हा प्रतिस्पर्धी आणला. काळ्या पोशाखातील या यंत्रमानवाच्या डोक्यात खुद्द कोम्योजीचा मेंदू बसवलेला असतो. त्यामुळे त्याला मारणे म्हणजे आपल्या जनकाला मारणे, हे जिरोला ठाऊक असते आणि त्याचा हात थांबतो. ४३ भागांची ही मालिका मे १९७३ मध्ये संपली, मात्र इशिनोमोरींनी १९७४ पर्यंत चालवलेल्या चित्रकथेचा शेवट दूरचित्रवाणीच्या वाट्याला आला नाही. चित्रकथेत शत्रू जिरोला आज्ञापालनाचे मंडल बसवतो. दोन मंडलांच्या संघर्षातून जिरो चांगले आणि वाईट दोन्ही करू शकणारा, म्हणजेच माणसासारखा होतो, आणि त्याचे पहिले फळ म्हणून तो आपल्याच यंत्रबंधूंवर शस्त्र चालवतो. लाकडी बाहुला पिनोकिओ माणूस झाला, पण तो सुखी झाला का, या शंकेवर कथा थांबते. इशिनोमोरींच्या संपूर्ण कामात इतके निर्भीड पान विरळाच.

या दुभंगाला निर्मितीच्या पद्धतीचेही बळ होते. मुखवट्याआधीचा आणि मुखवट्यानंतरचा नायक हे सहसा दोन वेगळे नट असतात. हायाताची भूमिका कुरोबे सुसुमु यांची, तर अल्ट्रामॅनच्या पोशाखात फुरुया बिन असत. ‘कामेन रायडर’मध्येही फुजिओकांच्या अपघातानंतर पोशाखातील काम ओनो केन्यूकाई या साहसपथकाच्या कलावंतांकडे गेले. चेहरा झाकलेल्या कलावंताला मान किंचित वर उचलून उमेद आणि खाली झुकवून विषाद दाखवावा लागतो, आणि नो नाट्यातील मुखवटाधारी नट शतकानुशतके हेच करत आले आहेत. चेहरा आणि पोशाख यांतील हा बंध किती घट्ट आहे हे तो तुटला तेव्हा अधिक स्पष्ट झाले. महाराष्ट्रातील मुलांनी हिंदीतून पाहिलेली ‘पॉवर रेंजर्स’ ही १९९३ ची अमेरिकी मालिका १९९२ च्या ‘झ्यूरेंजर’ या जपानी मालिकेतील मुखवट्यांची दृश्ये घेऊन आणि बाकीचे प्रसंग अमेरिकी नटांसह नव्याने चित्रित करून बनली होती. मूळ मालिकेत हिरवा वीर बुराई याच्यापाशी आयुष्याचे मोजकेच तास उरलेले असतात, काळ थांबलेल्या खोलीत तो ते वाचवून ठेवतो आणि अखेर मरण पावतो. अमेरिकी रूपातील टॉमी जिवंत राहतो. तोच पोशाख, त्याच लढाया, पण त्या पोशाखात दडलेली व्यथा समुद्रापलीकडे गेली नाही.

इशिनोमोरींच्या निधनानंतर, ३० जानेवारी २००० रोजी, ‘कामेन रायडर कुगा’ने ही परंपरा नव्याने सुरू केली. त्यातील गोदाई युसुके हा सदा हसतमुख तरुण हिंसेचा तिटकारा असूनही केवळ इतरांचे हसू टिकावे म्हणून लढतो. शेवटच्या संघर्षात बर्फात तो आणि त्याचा शत्रू दोघेही मानवी रूपात येऊन एकमेकांना ठोसे मारतात, तेव्हा शत्रू हसत असतो आणि गोदाई रडत असतो. तीन वर्षांनी आलेल्या ‘कामेन रायडर ५५५’चे सर्व ५० भाग इनोऊए तोशिकी यांनी लिहिले. हे इगामी मासारु यांचे पुत्र होत. मेलेली काही माणसे ‘ऑर्फनॉक’ नावाच्या राक्षसी रूपात पुन्हा जिवंत होतात, अशी या मालिकेची मांडणी आहे. तिचा नायक इनुई ताकुमी एका लाँड्रीत राहतो, गरम पदार्थ फुंकून फुंकून खातो, कोणाशी धड बोलत नाही, आणि निम्म्याहून अधिक मालिका उलटल्यावर तो स्वतःच ऑर्फनॉक असल्याचे उघड होते. माणसांत मिसळू न धजणाऱ्या त्याच्या तुसडेपणाचा अर्थ तेव्हा मागे जाऊन लागतो. पित्याच्या पिढीने नायकाला राक्षसांच्या कारखान्यातून पळवून आणले होते. पुत्राने त्याला राक्षसच ठेवले आणि तरीही नायक मानले.

यानंतर २००७ च्या ‘कामेन रायडर देन-ओ’मध्ये कोबायाशी यासुको यांनी दुभंगाला विनोदाचे रूप दिले. दुबळ्या नोगामी र्योतारोच्या अंगात चार वेगवेगळ्या स्वभावांचे जीव संचारतात, आणि पोशाखातील कलावंत ताकाइवा सेइजी यांना प्रत्येकासाठी वेगळी चाल, वेगळी ऐट उभी करावी लागली.

सप्टेंबर २००९ मध्ये सुरू झालेली ‘कामेन रायडर डब्ल्यू’ किकाइडरच्या दुरंगी देहाकडे उघडपणे परतली, परंतु प्रमुख लेखक सांजो रिकु यांनी मूळ कल्पनाच उलटी केली. येथे एका माणसाचे दोन भाग झालेले नसून दोन माणसांचा मिळून एक वीर होतो. खासगी गुप्तहेर हिदारी शोतारोची डावी काळी बाजू आणि अफाट ज्ञान असलेल्या फिलिपची उजवी हिरवी बाजू एकाच देहात नांदतात. ज्याचे बोलणे चालू असेल त्या बाजूचा डोळा लुकलुकतो, आणि त्या वेळी फिलिपचे स्वतःचे शरीर निश्चेष्ट पडलेले असते. भावनेच्या भरात वाहणारा शोतारो आणि भावनांची ओळखच नसलेला फिलिप भांडतात, रुसतात, पण एकमेकांविना अपुरे पडतात. जिरोला आपला दुसरा अर्धा भाग दाबून टाकायचा होता, ताकुमीला तो लपवायचा होता. शोतारोच्या बाबतीत मात्र दुसरा भाग नाहीसा होणे हीच शोकांतिका ठरते. ४८व्या भागात फिलिप विरून जातो आणि वर्षभर शोतारो एकटाच फूतो शहरातील लोकांची गाऱ्हाणी सोडवत राहतो. २९ ऑगस्ट २०१० रोजी प्रसारित झालेल्या ४९व्या आणि अखेरच्या भागात फिलिप परततो, आणि दोघे मिळून पुन्हा एकाच देहाने लढायला उभे राहतात.