जेजे, भंडारा आणि मायचं रजिस्टर

माझ्या जन्मदाखल्यावर जिल्हा भंडारा लिहिलंय, धाकट्या बहिणीच्या दाखल्यावर गोंदिया. आम्ही घर बदललं नाही. १ मे १९९९ ला भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले आणि बिरसी गोंदियात गेलं, एवढंच. गावाला लागून विमानाची धावपट्टी आहे, इंग्रजांनी १९४० साली युद्धासाठी बांधलेली. लहानपणी रोवणीच्या दिवसांत बांधीत उभं राहून आम्ही डोक्यावरून जाणारी शिकाऊ विमानं मोजायचो. काम तेवढंच व्हायचं.

माय आशा आहे. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगाव ज्या बाया उभ्या राहिल्या, त्यांतली एक. तिच्याकडे एक रजिस्टर आहे : गरोदर बाया, त्यांच्या तारखा, बाळांचं वजन, लसी. सरकार तिला कर्मचारी मानत नाही, मानधन देतं. पण गावात कुणी 'सरकारी दवाखाना' म्हटलं की सगळे तिच्याकडेच बघतात. 'घरी बाळंत होऊ नको, दवाखान्यात चल' हे वाक्य तिनं किती ओट्यांवर बसून म्हटलं असेल, याची नोंद मात्र रजिस्टरमध्ये नाही.

९ जानेवारी २०२१, शनिवार. कोविडमुळे मी लॅपटॉप घेऊन गावीच होतो. सकाळी फोनवर बातमी आली. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली होती. आत १७ बाळं होती. ७ वाचली, १० गेली. काही भाजून, बाकीची धुरानं गुदमरून. वहिनीला आठवा महिना चालू होता. तिनं मायला एवढंच विचारलं, "मला कुठं नेणार?" त्या दिवशी दुपारपर्यंत आणखी दोघी दारात येऊन तेच विचारून गेल्या. मायकडे उत्तर नव्हतं. ते तिनं द्यावं अशी अपेक्षाच मुळात चुकीची होती.

माझ्या कामात सर्व्हर बंद पडला की दुसऱ्या दिवशी आम्ही एक कागद लिहितो. काय घडलं, किती वाजता घडलं, का घडलं. एक नियम असतो : 'अमक्याची चूक' असं लिहून थांबायचं नाही, पुढचा 'का' विचारायचा. अमक्याला ती चूक करता आली कशी? अलार्म का वाजला नाही? अलार्मसाठी पैसे मागितले होते का? मागितले असतील तर कुठल्या टेबलावर अडले?

भंडाऱ्याला हे प्रश्न लावून बघा. चौकशीतून विद्युत उपकरणातल्या बिघाडाकडे बोट दाखवलं गेलं. ठीक. पण धूर ओळखणारी यंत्रणा कक्षात नव्हती. इमारतीला अग्निशमन विभागाचं प्रमाणपत्र नव्हतं. आणि महाराष्ट्रात अग्निप्रतिबंधाचा २००६ चा कायदा आहे. अग्निसुरक्षेच्या कामाचा प्रस्ताव रुग्णालयानं आधीच्या वर्षी वर पाठवला होता आणि तो मंजुरीविना पडून होता, हे तेव्हाच्या वर्तमानपत्रांत छापून आलंय.

नागपूरच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. साधारण दोन आठवड्यांच्या आत कारवाई जाहीर झाली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, काहींची बदली झाली, कंत्राटी लोकांना घरी पाठवलं. पुढे पोलिसात गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. त्यांची चूक किती हे न्यायालय ठरवेल. मला खटकतो तो उतार. प्रस्ताव वर चढताना जिथं थांबला, त्या टेबलापर्यंत कारवाई पोहोचलीच नाही. ती खाली उतरत गेली, रात्रपाळीपर्यंत.

त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता कक्ष पेटला आणि ११ कोविड रुग्ण गेले. भंडाऱ्यानंतर अवघे दहा महिने.

मग मी शोधायला लागलो की आपल्या राज्यात जबाबदारी कधी वरपर्यंत गेलीय का. गेलीय. १९८६ साली, मुंबईच्या जेजे रुग्णालयात.

जेजे तेव्हाच १४० वर्षांचं होतं. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथले रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन मरायला लागले. त्यांना मूत्रपिंडाचा आजार नव्हताच. कुणाच्या मेंदूला सूज होती, कुणाच्या डोळ्यात दाब वाढलेला. हा दाब उतरवायला ग्लिसरीन पाजतात, ते शरीरातलं पाणी ओढून घेतं. या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. ते कारखान्यात वापरायचं रसायन. गोडसर, पातळ, दिसायला ग्लिसरीनसारखंच, आणि स्वस्त. पोटात गेलं की मूत्रपिंडं बंद पाडतं. १४ माणसं गेली.

इथंही उतार तयार होता. बाटली कुणी उघडली, चमचा कुणी धरला, इथपर्यंत येऊन थांबता आलं असतं. पण चौकशी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्याकडे गेली आणि त्यांनी बाटलीचा माग उलट्या दिशेनं काढला. वॉर्डातून भांडारात, भांडारातून खरेदीच्या कागदांत, तिथून पुरवठादाराकडे, मग ज्यानं परवाने द्यायचे आणि नमुने तपासायचे त्या अन्न व औषध प्रशासनाकडे, आणि शेवटी त्या प्रशासनाच्या कामात हात घालणाऱ्या मंत्रालयाकडे. औषधं खरेदी कशी होतात, दोषी कंपन्यांवरची कारवाई कुणाच्या सांगण्यावरून थांबते, हे सगळं कागदावर आलं. १९८८ मध्ये अहवाल विधिमंडळापुढे आला. त्यात भाई सावंत आणि बळीराम हिरे या आरोग्य खातं सांभाळलेल्या मंत्र्यांवर ठपका होता. सावंतांना मंत्रिपद सोडावं लागलं. सरकारी दवाखान्यातल्या मृत्यूंचा माग मंत्र्याच्या खुर्चीपर्यंत काढणारी अशी उदाहरणं आपल्याकडे फार कमी आहेत.

फरक कशामुळे पडला? मला वाटतं, प्रश्न विचारणारा कोण यामुळे. लेंटिन सरकारचे नोकर नव्हते. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानं त्यांना साक्षीदार बोलावता येत होते, कागद मागवता येत होते. भंडाऱ्यात सरकारच्याच अधिकाऱ्यांनी सरकारच्या रुग्णालयाची चौकशी केली. ते अधिकारी प्रामाणिक असतीलही, पण आपल्या साहेबाच्या टेबलावरची फाईल उघडायची मुभा त्यांना कितपत होती? आणि जेजे मुंबईत होतं, सगळी वर्तमानपत्रं हाकेच्या अंतरावर. भंडाऱ्याला कॅमेरे आले, चार दिवस राहिले, परत गेले. (आमच्याकडे कॅमेरे येतात ते वाघ गावात शिरला की, नाहीतर असं काही झालं की.)

लेंटिन आयोगाला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. कायदा एवढंच म्हणतो की अहवाल सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवा आणि सोबत काय कारवाई केली ते सांगा. राजीनामा झाला की लोकांचं समाधान होतं. तपासणीच्या प्रयोगशाळा, निरीक्षकांची रिकामी पदं यांवर मथळे होत नाहीत.

न्यायालयानं तत्त्व तर १९९६ सालीच स्पष्ट केलंय. पश्चिम बंगालमध्ये हाकिम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवलं, शेवटी खासगीत खर्च करावा लागला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही. भरपाई मिळाली २५,००० रुपये. म्हणजे फाईलवर 'निधी उपलब्ध नाही' हा शेरा निदान कायद्याच्या दृष्टीनं पुरेसा नाही. शेरा मारणारे मात्र तो अजून मारतात.

फेब्रुवारीत वहिनीला कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. मायनं तिला सरकारी दवाखान्यातच नेलं. खासगीचा खर्च आम्हाला झेपला असता, मी तसं म्हटलंही. "मी बायांना काय सांगू मग?" एवढंच ती म्हणाली. पोरगा पावणेदोन किलोचा. त्याला पाच रात्री त्या तशाच कक्षात ठेवलं, काचेच्या आत, तापत्या दिव्याखाली. सिस्टर चांगल्या होत्या, एकीकडे कितीतरी बाळं. माय पाचही रात्री दाराबाहेर जमिनीवर बसून राहिली. भिंतीवर लाल नळकांडं टांगलेलं होतं, त्याची चिठ्ठी तिनं मला वाचायला लावली. मुदत संपून सात महिने झाले होते. मी मोबाइलमध्ये फोटो काढला, तक्रार लिहून दिली, पोच घेतली. पोच अजून माझ्याकडे आहे.

पोरगा आता अंगणवाडीत जातो.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मायचा व्हिडिओ कॉल आला. त्या दिवसांत छिंदवाड्याच्या बातम्या येत होत्या. खोकल्याचं औषध पाजलेली लहान लेकरं मूत्रपिंडं निकामी होऊन जात होती, आणि त्यांतली कितीतरी उपचारासाठी नागपुरात आणलेली, आम्ही जातो त्याच नागपुरात. वीसपेक्षा जास्त मुलं गेली. औषध तमिळनाडूत बनलं होतं, कोल्ड्रिफ. तिथल्या तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. जेजेतलंच रसायन, ३९ वर्षांनी. अटक आधी झाली ती औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला, कंपनीच्या मालकाला त्यानंतर. काही औषध निरीक्षक निलंबित झाले.

मायच्या हातात एक बाटली होती, पोराच्या खोकल्यासाठी दुकानातून आणलेली. "यावर काय लिवलाय, वाच." महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं वापरू नका म्हणून सांगितलेली बॅच होती एसआर-१३. मी तिला बाटली कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितली. अक्षरं बारीक होती, तिचा हात हलत होता. नाव वेगळं होतं, कंपनी वेगळी, बॅचही वेगळी. तसं मी सांगितलं.

"मंग हे कोनी तपासलाय का?" तिनं विचारलं.

लेबलवर ते लिहिलेलं नसतं. तिनं बाटली मोरीत ओतली, रिकामी करून खिडकीत ठेवली आणि रजिस्टर काढून गावात पाच वर्षांखालची किती लेकरं आहेत ते मोजायला बसली.