माझं किती झालं?

सरका थोडं. या बाकावर अजून एक जण बसणार आहे आणि बाकाचा एक पाय आखूड आहे.

तुम्ही लोह्यात आहात, १९८६च्या आसपासच्या एका सकाळी. दसरा होऊन गेलाय. नांदेडहून लातूरला जाणारी लाल एसटी आत्ताच पुढं गेली, तिनं उडवलेली धूळ अजून खाली बसायचीय. लोहा अजून तालुका झालेलं नाही, कंधार तालुक्यातलं बाजाराचं गाव आहे. तुमचं वय पंधरा, इयत्ता नववी, दोन वेण्या वर बांधलेल्या. मिशी असेल तर ती आजच्यापुरती घरी ठेवून या. तुमचं अक्षर नेटकं आहे, एवढ्याच कारणावरून खेळाच्या सरांनी तुम्हाला वर्गातून उठवून मैदानाच्या कडेला आणून बसवलंय. आज शाळाशाळांतल्या मुलींचे खो-खोचे सामने आहेत, चौदा वर्षांखालच्या गटाचे. तुम्ही गुणलेखक.

लिंबाची सावली आत्ता टेबलावर आहे. दहा वाजले की ती सरकत मागच्या भिंतीवर जाईल आणि तुमची मान उन्हात येईल. ऑक्टोबरचं ऊन आहे, चांगलं चावतं. पहाटे पोरांनी घागरींनी पाणी मारून मैदान बसवलंय, त्या ओल्या मुरमाचा वास नाकात आहे आणि त्यावर फक्कीचा तिखट कोरडा वास. फक्कीच्या रेषा अजून अगदी पांढऱ्या आहेत. दोन टोकांना दोन लाकडी खांब, हाताहातांनी गुळगुळीत झालेले. मधल्या पाटीवर आठ चौकोन, प्रत्येक जेमतेम वीतभर-दीड वीत. तिथं आठ जणी बसणार, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं.

टेबलावर काय आहे ते बघून घ्या. छापील गुणपत्रक, त्याखाली कार्बन, त्याखाली दुसरा कागद. कागद उडू नये म्हणून चार खडे. एक पाण्याचा तांब्या, तो कागदापासून लांब ठेवा. आणि हा ढीग. खेळायला उतरण्याआधी बांगड्या, पैंजण, गळ्यातलं काढून ठेवायचं असतं, हात लागून कुणाला इजा नको म्हणून. ठेवायचं कुठं? गुणलेखकाकडं. प्रत्येकीनं आपल्या रुमालात गाठ मारून तुमच्यापुढं आणून टाकलंय. एक तांड्यावरची मुलगी आहे, तिच्या हातातल्या पांढऱ्या बलोया निघता निघेनात. साबण लावून, मैत्रिणीनं ओढून एकदाच्या निघाल्या. मनगट लाल झालंय तिचं. ती ते चोळत तुमच्यासमोर उभी राहते आणि विचारते, "हरवायच्या न्हाईत ना गं?" तिचा नंबर सात. पाठीवर कापडाचा तुकडा चार टाचण्यांनी लावलाय. ती लाल रिबिनींच्या संघात आहे. समोरचा संघ निळ्या रिबिनींचा.

तुमच्या शेजारी येऊन बसले ते गणिताचे सर. ते वेळाधिकारी. त्यांच्या मुठीत शाळेचं एकुलतं एक स्टॉपवॉच आहे, किल्ली दिलेलं, आणि मनगटावर स्वतःचं एचएमटी, स्टॉपवॉच रुसलं तर असावं म्हणून. "मी वेळ बोलेन ती लगेच लिहायची. विचारायचं नाही. बघत बसायचं नाही," ते सांगतात. पहिल्या सात मिनिटांत तुम्हाला कळेल की या माणसाला सामना दिसतच नाही. गाव ओरडत असतं, पोरी धडपडत असतात, आणि यांची नजर त्या बारक्या काट्यावर.

संघाच्या कप्तानानं दिलेली यादी उतरवून घ्या. कोणती पळणारी कोणाच्या आधी उतरणार, ते आत्ताच ठरतं. तिघींची एक तुकडी, अशा तीन तुकड्या. क्रम चुकला तर बघणारं दुसरं कुणी नाही, तुम्हीच आहात.

एक लांब शिट्टी, लगेच एक आखूड. सुरू.

आवाजानं दचकू नका. भिंतीवर पोरं बसलीत, झाडावर बसलीत, कापूस घेऊन निघालेली एक बैलगाडी रस्त्यातच थांबलीय आणि गाडीवान कासरा गुडघ्याखाली दाबून बघतोय. मागं बायका उभ्या आहेत, वेचणीला जायला उशीर झालाय तरी उभ्या आहेत. या दिवसांत वर्गातल्या निम्म्या मुली कापूस वेचायला जातात. आज खेळणाऱ्यांपैकी काहींनी एका दिवसाची मजुरी सोडलीय, ते त्यांच्या आयांच्या चेहऱ्यावर दिसतंय. आणि या सगळ्यावर तो एकच शब्द, दर दोन-तीन सेकंदांनी, वेगवेगळ्या गळ्यांतून: खो! खो! खो! उठणाऱ्या मुलीच्या अनवाणी टाचेखालचे मुरमाचे खडे थेट तुमच्या कागदावर येऊन पडतात.

पंचांची छोटी शिट्टी. हात वर. "पन्नास!" सर बोलतात. लिहा: पळणारी क्रमांक एक, बाद, ०.५०. कुणी बाद केलं? नऊ नंबरनं. कसं? पाठलाग करून हात लावून. खांबावर सूर मारून केलं असतं तर खूण वेगळी. घाम पुसायला हात उचलू नका, शाई फासेल. बाद झालेली मुलगी धापा टाकत तुमच्याकडंच येतेय, तिला नेमलेल्या जागी बसवा. तेही तुमचंच काम.

"एक पस्तीस!" दुसरी. "दोन वीस!" तिसरी. आता मान वर करा, ताबडतोब. पुढच्या तिघी वेळेत आत शिरल्या पाहिजेत, रेंगाळली ती उशिरा प्रवेश म्हणून बाद. शिरल्या. त्यांत तिसरी सात नंबर.

ही कशी पळते ते सांगायला मला आवडेल, पण तुम्हाला बघायला मिळणार नाही. तुमची मान खाली आहे. कानांनीच समजून घ्या. बसलेल्या पोरींच्या मधून ती नागमोडी जातेय, म्हणून खो फार झपाझप पडतायत. मग एकदम खो थांबतो. तिनं खांबाजवळ हूल दिलीय, पाठलाग करणारी खांबाच्या दिशेनं पुढं निघून गेलीय, खांब ओलांडेपर्यंत तिला आता उलट फिरता येत नाही. भिंतीवरची पोरं किंचाळतात. "तीन पाच!" तिच्या तुकडीतली एक गेली. "चार चाळीस!" दुसरी गेली. आता ती एकटी. नवाच्या नव जणी तिच्या एकटीच्या मागं. तो गाडीवान उठून गाडीवर उभा राहिलाय. "पाच दहा!"

गेली. गर्दीतून एक मोठा सुस्कारा येतो. बैलही कान हलवतात.

पुढची दोन मिनिटं लवकर जातात. एक बाद सहाव्या मिनिटाला, बाकी दोघी शेवटपर्यंत नाबाद. लांब शिट्टी. निळ्यांना सात गुण.

आता खरं काम. दोन्ही संघ पाणी पितायत, तुम्हाला पाणी नाही. पळतीचा हिशेब करायचाय. पहिल्या तुकडीचं सोपं आहे, त्या शून्यापासून आत होत्या. दुसरी तुकडी मात्र दोन वीसला उतरली. म्हणून तिच्या प्रत्येक वेळेतून दोन वीस वजा. तीन पाच वजा दोन वीस, पंचेचाळीस सेकंद. चार चाळीस वजा दोन वीस, दोन मिनिटं वीस. सात नंबरचे पाच दहा वजा दोन वीस. साठाचा हातचा सांभाळा, शंभराचा घेऊ नका, सगळे तिथंच अडखळतात. दोन मिनिटं पन्नास सेकंद. तिसरी तुकडी पाच दहाला उतरली, तर नाबाद राहिलेल्या दोघींचे प्रत्येकी एक पन्नास. सर तुमच्या खांद्यावरून बघतायत. "बरोबर," म्हणतात. या माणसाकडून याहून मोठं कौतुक मिळत नसतं.

इथं जरा थांबून तुमच्याशी बोलायचंय, कारण तुम्ही पुढच्या काळातून आलाय. आज इथल्या नियमात गुण मिळतो तो पाठलाग करणाऱ्यांना. बाद केलं की एक. पळणारी कितीही पळो, तिच्या नावावर गुण एकही चढत नाही. तुमच्या काळात खेळ बदललाय. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, बीड जिल्ह्यातल्या घराची प्रियांका इंगळे भारताची कप्तान होती, नेपाळला ७८-४० असं हरवलं, आणि तुकडी ठरावीक वेळेपलीकडं टिकली तर ‘ड्रीम रन’चे गुण फलकावर लगेच झळकत होते. धाराशिवच्या सारिका काळेला २०२०चा अर्जुन पुरस्कार मिळाला, तेही तुम्हाला माहीत आहे. इथं या मैदानात मात्र हे कुणालाच माहीत नाही. इथं फलक म्हणजे भिंतीला टेकवलेला वर्गातला फळा. सात नंबरची ती दोन मिनिटं पन्नास सेकंद जगात एकाच ठिकाणी आहेत, तुमच्या पेनाखालच्या रकान्यात. म्हणून मला वाटतं, या मैदानात सगळ्यात जबाबदारीची जागा तुम्ही बसलाय ती आहे. पंचाची चूक झाली तर शंभर जण ओरडतील. तुमची चूक झाली तर कुणाला कळणारसुद्धा नाही, आणि त्या पोरीचं पळणं कायमचं कमी होईल.

पुढच्या डावात लाल मुलींना सहाच गुण. निळ्या एकनं पुढं.

मधल्या सुटीत फडकी सुटतात. ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कुणाच्या डब्यात बेसन. ठेच्याच्या वासानं तुमच्या डोळ्यांत पाणी येईल. एक अनोळखी मावशी "घे की गं, लिहून लिहून दमलीस," म्हणत तुमच्या हातावर गुळाचा खडा ठेवते. बोटं चाटून स्वच्छ करा, मग पेन धरा. गुळाचा डाग कार्बनमधूनही उतरतो.

दुसऱ्या डावात निळ्यांनी सहा घेतले. एकूण तेरा. आता लाल मुली शेवटचं आक्रमण करणार. त्यांचे सहा, बरोबरीला सात हवेत, जिंकायला आठ, आणि वेळ तीच सात मिनिटं. बरोबरी झाली तर जादा डाव, तिथंही सुटलं नाही तर लघुत्तम आक्रमण: पहिला गडी कोण कमी वेळात बाद करतं, एवढंच बघायचं, म्हणजे सगळा सामना सरांच्या मुठीतल्या घड्याळावर. सर अंगठा विजारीला पुसतात.

सावली केव्हाच गेलीय. मान भाजतेय. लोखंडी खिळ्याला हात लागला तर चटका बसतोय. बाद, बाद, बाद. चार पंचवीसला दुसरी तुकडी संपली, सहा गुण. पाच पन्नासला सातवा. तेरा-तेरा. आता एक गुण आणि सत्तर सेकंद. आता कुणी भिंतीवर बसलेलं नाही, सगळे रेषेवर आलेत, फक्की पायांखाली पुसली जातेय, खेळाचे सर काठी आपटत लोकांना मागं ढकलतायत. "सहा मिनिटं!" "साडेसहा!" खो. खो. लाल सात नंबर खांबाकडं झेपावते. धूळ. छोटी शिट्टी आणि लांब शिट्टी, दोन्ही एकदम.

आधी हात की आधी शिट्टी?

सगळं मैदान टेबलावर येऊन पडतं. खडे उडतात, कागदावर दोन्ही तळवे दाबून धरा. सामन्याचे सरपंच येतात, गर्दी मागं सारतात, दोन्ही पंचांना बाजूला घेतात. दोघंही म्हणतात, हात लागला तेव्हा लांब शिट्टी झालेली नव्हती. मग सरांकडं वळतात. सर मूठ उघडतात. काटा सातवर थांबलेला. "मी घड्याळ बघत होतो," सर एवढंच सांगतात, आणि ते खरंच आहे. सरपंच हात वर करतात. बाद. लाल विजयी, एका गुणानं.

लिहा. हात थरथरतोय, तरी लिहा. ७.००.

निळ्यांतली ती बाद झालेली मुलगी रडत नाहीये, जशी धुळीत पडली तशीच उठून तुमच्याकडं आलीय. गुडघा फुटलाय. तिला हरण्याबद्दल काही विचारायचं नाहीये. ती वाकते, रकान्यांत आपलं नाव शोधते आणि म्हणते, "माझं किती झालं?"

सात वजा चार पंचवीस. "दोन मिनिटं पस्तीस."

"आन् तिचं?" शेवटपर्यंत नाबाद राहिलेल्या मैत्रिणीकडं बोट.

तीही चार पंचवीसलाच उतरलेली. "तिचंबी दोन पस्तीस."

ती मान हलवते. मग तळहात पुढं करते. "इथं लिही. घरी सांगाया गेले की इसरंल मी."

तुम्ही लिहिता, निळ्या शाईनं, घामावर पसरणारे आकडे. मागून लाल सात नंबर येते, बलोयांचा रुमाल उचलायला आलेली. तिचाही हात पुढं. मग नऊ नंबर, मग दोन, मग पहिल्याच मिनिटात बाद झालेली ती बारकी, तिलाही तिचे पन्नास सेकंद हवेत. तुमच्यापुढं हातांची रांग लागते, भाकरीच्या, मातीच्या, गुळाच्या वासाचे हात, आणि सर स्टॉपवॉचला किल्ली देत ओरडतात, "अगं, पेनात शाई राहू दे की! अजून तीन सामने व्हायचेत!"