न दिसणाऱ्या काचेचा शोध

दुपारीं तीनची वेळ आहे. एक गृहस्थ संगणकासमोर बसून महिन्याचा जमाखर्च लिहीत आहेत. त्यांच्या पाठीमागें खिडकी आहे, आणि समोरच्या तकतकीत पडद्यावर आंकड्यांच्या ओळींत ती खिडकी, तिचे गज, पलीकडचें आभाळ आणि स्वतः गृहस्थांचा पांढरा सदरा हीं सारीं येऊन बसलीं आहेत. ते मान वळवितात, पडदा कलता करतात, आणि शेवटीं डोळे चोळूं लागतात. दोष डोळ्यांचा नाहीं आणि आंकड्यांचाहि नाहीं. काच आपल्या धर्माप्रमाणें वागत आहे. तिचा हा धर्म मनुष्यानें कसा ओळखला आणि कसा आवरला, ही हकीकत उद्बोधक आहे. कारण तिचा आरंभ चकचकीत काचेपासून होत नाहीं, डागाळलेल्या काचेपासून होतो.

प्रकाश हवेंतून काचेंत शिरतांना सर्वच्या सर्व आंत जात नाहीं. सरळ समोरून पडलेल्या प्रकाशाचा शेंकडा सुमारें ४ भाग काचेच्या पृष्ठभागावरूनच परततो. हा आंकडा क्षुल्लक वाटतो. परंतु कॅमेऱ्यांत चार सुटीं भिंगें बसविलीं कीं पृष्ठभाग आठ होतात, आणि प्रत्येकानें आपला वांटा घेतल्यावर पलीकडे शेंकडा सुमारें ७२ भागच पोंचतो. उरलेला प्रकाश नुसता वाया जाता तरी एक वेळ चाललें असतें. पण त्यांतला कांहीं भाग नळींतच इकडून तिकडे आपटत राहतो आणि चित्रावर धुकें पसरतो. अशा स्थितींत भिंग जितकें नवें आणि लखलखीत तितकें चांगलें, असें मानणें स्वाभाविकच होतें.

ह्या समजुतीला पहिला धक्का इंग्लंडांत बसला. १८८६ च्या सुमारास लॉर्ड रॅले यांना असें आढळलें कीं, हवेच्या परिणामानें किंचित् मळकटलेली जुनी काच ताज्या काचेपेक्षां अधिक प्रकाश पार जाऊं देते. पुढें १८९२ सालीं यॉर्क येथील कुक यांच्या दुर्बिणींच्या कारखान्यांतले हॅरॉल्ड डेनिस टेलर यांना डागाळलेल्या भिंगाविषयीं हाच अनुभव आला. निसर्ग वर्षांनुवर्षें जें करतो तें रसायनांनीं लवकर करतां येईल, ह्या विचारानें त्यांनीं प्रयोग केले व १९०४ सालीं त्या रीतीचें पेटंटहि घेतलें. परंतु सगळ्या काचांवर सारखा परिणाम साधेना.

मळानें काच उजळ व्हावी, हें कोडें कसें सुटतें? काचेवर दुसऱ्या पदार्थाचा अत्यंत पातळ थर बसला कीं प्रकाश दोन ठिकाणांहून परततो: थराच्या वरच्या बाजूवरून आणि खालच्या बाजूवरून. थराची जाडी त्यांतल्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकी असेल, तर खालून परतणारा तरंग जातां-येतां अर्ध्या लांबीनें मागें पडतो. एकाचा उंचवटा तेथें दुसऱ्याचा खळगा, असें होऊन दोघेहि एकमेकांना मावळवितात. आणि परत न फिरलेला प्रकाश काचेच्या पार जातो. ही जाडी एका मिलिमीटरच्या सुमारें दहाहजाराव्या हिश्शाएवढी असते. असा थर मनुष्यानें हुकमी बसवावा कसा, हाच खरा प्रश्न होता.

तो निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळ्या मार्गांनीं सुटला. जर्मनींत येना येथील झाइस कारखान्यांत अलेक्झांडर स्माकुला यांनीं १९३५ सालीं निर्वात पात्रांत पदार्थाची वाफ करून तिचा लेप भिंगावर बसविला. पण लष्करी उपयोगामुळें ती रीत कांहीं वर्षें गुप्त राहिली. अमेरिकेंत स्केनेक्टडी येथें जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेंत कॅथरिन ब्लॉजेट ह्या विदुषी काम करीत होत्या. पाण्यावर पसरलेला एका रेणूच्या जाडीचा पापुद्रा काच बुडवून-बुडवून अलगद उचलावयाचा, अशी त्यांची रीत. १९३८ सालीं त्यांनीं बेरियम स्टिअरेटचे ४४ पापुद्रे एकावर एक चढविले, आणि ती काच ‘न दिसणारी काच’ म्हणून गाजली. उणीव एवढीच कीं हा लेप मऊ होता. बोटानें पुसला जाई. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत कार्टराइट व टर्नर यांनीं फ्लोराइड क्षारांची वाफ करून लेप बसविले, आणि पुढें ह्याच वाटेनें टिकाऊ लेप सिद्ध झाले. कॅमेऱ्याच्या भिंगावर जी जांभळट झांक दिसते ती त्याचीच खूण. मधल्या हिरव्या प्रकाशासाठीं जाडी जुळविली कीं थोडे तांबडे व निळे किरण परतत राहतात.

इतकें ज्ञान हातीं असतां संगणकाचा पडदा आरसा कां बनला? आरंभींच्या बहुतेक सपाट पडद्यांचा पृष्ठभाग किंचित् खरखरीत असे. तो प्रतिबिंब नाहींसें करीत नाहीं, विखुरतो. त्यामुळें खिडकीचा आकार पुसला जातो, पण काळ्या रंगावर फिकट छटा चढते. गुळगुळीत काचेवर काळें अधिक काळें व रंग अधिक गडद दिसतात. २००७ सालीं ॲपल कंपनीनें आयमॅकच्या पडद्यावर चकचकीत काच बसविली, आणि इतरहि अनेक यंत्रांना तशीच लकाकी आली. विकत घेणारा काचेकडे पाहतो, काम करणारा काचेंतून पाहतो. आणि दुकानांत जिंकतो तो पहिला. पुढें २०१२ च्या आयमॅकमध्यें काच आणि पडदा यांमधली पोकळी काढून दोन्ही एकत्र जोडलीं, वर लेपहि दिला, आणि प्रतिबिंब शेंकडा ७५ नें घटल्याचें कंपनीनें सांगितलें. परतणारे पृष्ठभाग कमी करा, उरलेल्यावर थर चढवा, हा जुनाच धडा. २०१९ सालीं त्याच कंपनीनें अतिसूक्ष्म खरखरीतपणा कोरलेली काचहि आणली.

तथापि कोणताहि लेप सगळें तेज गिळीत नाहीं, आणि भर दुपारच्या आभाळाचा शेंकडा एक भागहि अक्षरें फिकीं करण्यास पुरतो. शिवाय पडद्यापासून दोन मीटरवरची खिडकी काचेमागें दोन मीटरवर दिसते आणि अक्षरें मात्र काचेवरच असतात. नजरेनें कोठें स्थिर व्हावें? म्हणून अखेरचा उपाय आपल्याच हातीं आहे. यंत्र बंद करून नेहमींच्या जागीं बसा आणि काळ्या पडद्यांत पाहा. जें चमकतें तोच अपराधी. खिडकी पाठीशीं असेल तर टेबल फिरवून ती बाजूला घ्या. दिवा असेल तर सरकवा. पांढऱ्या पानावर काळीं अक्षरें ठेवलीं तर प्रतिबिंब बरेंचसें लोपतें. जमाखर्च लिहिणाऱ्या आपल्या गृहस्थांना नवें यंत्र नको आहे. टेबलाला एक वळण पुरे आहे. ज्या काचेकडे आपलें लक्ष मुळींच जात नाहीं, ती काच आपलें काम उत्तम करीत असते.